नको असलेलं सोनं पोस्टानं विकायचंय? पाकीट बंद करायच्या आधी एवढं करा

कपाटात एखादी तुटकी साखळी असते, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं असतं, कधीच न आवडलेली अंगठी असते, आणि सोन्याचा भाव चढल्याची बातमी आली की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात की घरबसल्या सोनं विका, पाकीट आम्ही पाठवतो, पोस्टाचा खर्च आमचा, तुम्ही फक्त दागिने टाका आणि पैसे खात्यात घ्या. काही कंपन्या खरंच नीट काम करतात, ते नाकारत नाही. पण हा व्यवहारच मुळात उलटा आहे हे आधी लक्षात घ्या. एरवी आपण काहीही विकतो तेव्हा आधी भाव ठरतो आणि मग वस्तू हातातून सुटते, इथं वस्तू आधी जाते आणि भाव नंतर ठरतो, तोही ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तोच ठरवतो. वजन तोच करणार, कस तोच लावणार, आकडा तोच सांगणार, आणि तुम्ही नको म्हणालात तर परत पाठवायचं की नाही, कधी पाठवायचं, हेही त्याच्याच हातात. बाकीचे सगळे धोके यातूनच निघतात, त्यामुळे स्वतःला सांभाळायचं जे काही आहे ते पाकीट बंद करायच्या आधीच करावं लागतं, नंतर करण्यासारखं फार थोडं उरतं.

फरक किती पडू शकतो ते बघा. अमेरिकेत २००९ च्या सुमाराला या धंद्याच्या जाहिराती टीव्हीवर जोरात चालू होत्या, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातसुद्धा एक झळकली होती. त्याच काळात कन्झ्युमर रिपोर्ट्स या तिथल्या ग्राहक मासिकानं सारख्याच साखळ्या आणि पेंडंट विकत घेऊन अशा कंपन्यांना पोस्टानं पाठवून बघितले, तर आलेल्या ऑफर त्या दिवशीच्या सोन्याच्या किमतीच्या ११ ते २९ टक्के एवढ्याच होत्या. म्हणजे चांगल्यात चांगली ऑफरसुद्धा एक तृतीयांशाच्या खाली. आता प्रत्येक कंपनी तशी असेल असं नाही, पण आपल्या सोन्याची किंमत किती हे आपल्याला माहीतच नसेल तर ११ टक्के आले काय आणि ८० टक्के आले काय, आपल्याला कळणार कसं?

आधी घरी बसून हिशोब

सगळ्यात पहिलं काम म्हणजे आपल्याकडे शुद्ध सोनं नक्की किती ग्रॅम आहे ते काढायचं. एक छोटा डिजिटल वजनकाटा लागतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तो फार महाग नसतो. स्वयंपाकघरातला काटा इथं चालत नाही, तो एक-एक ग्रॅमच्या उड्या मारतो आणि सोन्यात एक ग्रॅम म्हणजे खूप झालं.

मग दागिन्यावरचा शिक्का शोधा. अंगठीच्या आतल्या बाजूला, साखळीच्या हुकाजवळच्या पट्टीवर, कानातल्याच्या दांडीवर बारीक अक्षरात असतो, भिंग घ्या नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ४१७ म्हणजे १० आणि ३७५ म्हणजे ९ कॅरेट. आता इथं एक घोळ होतो. आकड्यापुढे 'जीपी' किंवा 'केजीपी' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर तो नुसता मुलामा आहे, 'जीएफ' असेल तर वरून सोन्याचा जाड पत्रा चढवलेला आहे आणि आत दुसराच धातू आहे, आणि ९२५ असेल तर ती चांदी आहे, वरून कितीही पिवळी दिसली तरी. पण नुसतं 'केपी' असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ मुलामा नाही, उलट शिक्क्यावर लिहिलाय तेवढा कस पूर्ण भरतो असा आहे. हे माहीत नसलं की लोक मुलाम्याचे दागिने मोठ्या आशेनं पाठवतात, नाहीतर कंपनी खऱ्या दागिन्याला मुलामा म्हणते ते निमूट मान्य करतात, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट आहे.

हिशोब अगदी सरळ आहे. वजन गुणिले शिक्क्याचा आकडा, भागिले १०००, म्हणजे शुद्ध सोनं किती ते आलं, त्याला त्या दिवशीच्या शुद्ध सोन्याच्या ग्रॅमच्या भावानं गुणायचं. समजा १२.४ ग्रॅमची १८ कॅरेटची साखळी आहे, तर १२.४ गुणिले ०.७५० म्हणजे ९.३ ग्रॅम शुद्ध सोनं. हिशोबाला सोपं म्हणून भाव ग्रॅमला १०० धरला तर त्या साखळीतल्या सोन्याची किंमत ९३०. ही किंमत तुम्हाला पूर्ण मिळणार नाही हे धरूनच चाला, कारण घेणाऱ्याला आटवणीचा, तपासणीचा, पाठवणीचा खर्च आहे आणि त्याला नफाही हवाच. पण ९३० आकडा हातात असला की ऑफर २५० ची आली तर ती २७ टक्के आहे हे लगेच दिसतं, आणि मग फोनवरच्या माणसाच्या गोड बोलण्यानं काही फरक पडत नाही.

भाव कुठून घ्यायचा? जगभर ज्याचा आधार धरतात तो लंडनचा भाव दिवसातून दोनदा ठरतो, तिथल्या वेळेनुसार सकाळी १०:३० आणि दुपारी ३ वाजता, आणि तो ट्रॉय औंसाला असतो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. आपल्या साध्या काट्यावर जो औंस दिसतो तो २८.३५ ग्रॅमचा, तो हा नव्हे, तर औंसाचा भाव असेल तर ३१.१ नं भागून ग्रॅमचा भाव काढा. आणि काही ठिकाणी पेनीवेट नावाचं माप वापरतात, १.५५५ ग्रॅमचं, एका ट्रॉय औंसात २० पेनीवेट. हे मुद्दाम सांगतेय कारण वजन पेनीवेटमध्ये लिहायचं आणि भाव ग्रॅमचा लावायचा अशी गफलत झाली, चुकून झाली किंवा केली, तर एका फटक्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पैसे गेले. आपली १२.४ ग्रॅमची साखळी त्यांच्या कागदावर ७.९७ दिसेल आणि माप न वाचता माणूस म्हणेल की अरे माझं वजन चुकलं वाटतं. तुमचं वजन चुकलेलं नसतं, कागदावरचं एकक वाचा.

वजनातून काय काय वजा होणार तेही आधीच बघून ठेवा. खडे, मोती, मीना, पोकळ दागिन्यात भरलेली लाख, दोरा, आणि हुकातली स्प्रिंग, जी बऱ्याचदा स्टीलची असते. एक साधं लोहचुंबक दागिन्यावरून फिरवा, सोनं चिकटत नाही, पण हुक तेवढा चिकटला तर घाबरायचं कारण नाही, ती स्प्रिंग आहे. अख्खी साखळीच ओढली गेली तर मात्र ते सोनं नाही.

पाण्यातलं वजन

शिक्का नसेल किंवा शंका असेल तर घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे, तिला ना ॲसिड लागतं ना दागिना घासावा लागतो. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि काटा शून्य करा. दागिन्याला बारीक दोरा बांधा आणि हातात धरून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, नुसता लोंबकळत ठेवा. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो दागिन्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच दागिन्याचं घनफळ. कोरडं वजन त्या आकड्यानं भागा. आपल्या १२.४ ग्रॅमच्या साखळीला आकडा ०.८० आला तर १२.४ भागिले ०.८० म्हणजे १५.५. शुद्ध सोनं १९.३ येतं, २२ कॅरेट साधारण १७.७ च्या आसपास, पिवळं १८ कॅरेट साधारण १५.५, पिवळं १४ कॅरेट १३ ते १३.६. चांदी १०.५ च्या जवळ आणि पितळ साडेआठच्या. म्हणजे ७५० चा शिक्का आणि आकडा १५.५, जुळलं. शिक्का ७५० चा आणि आकडा नऊ, तर आत सोनं नाही.

दोरा ओला करून घ्या, दागिन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका, नाहीतर आकडा चुकतो. खडेवाल्या आणि पोकळ दागिन्यांना ही चाचणी लागू पडत नाही, आत हवा अडकते किंवा खड्याचं घनफळ मध्ये येतं आणि सोनं हलकं असल्यासारखं दिसतं. मोत्यांचा दागिना तर पाण्यात बुडवूच नका. अगदी हलका दागिना असेल, दोन-तीन ग्रॅमचा, तर काट्याची जरा चूकही मोठी दिसते, तेव्हा एकाच कॅरेटचे नग एकत्र बांधून तोला. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण समोरचा १८ कॅरेटला ९ कॅरेट म्हणतोय का एवढं ओळखायला पुरते.

आणि हे करताना एक गोष्ट वेगळी काढा: जो दागिना सोन्याच्या भावापेक्षा जास्त किमतीचा असू शकतो. जुनं हातकाम, नावाजलेल्या कारागिराची किंवा ब्रँडची खूण असलेला नग, सोन्याची नाणी, मोठे खरे खडे, ब्रँडेड घड्याळाची सोन्याची केस. पोस्टानं घेणारे बहुतेक लोक मोडीचा भाव देतात, म्हणजे आटवून जेवढं सोनं निघेल तेवढ्याचा. हिऱ्याचे पैसे ते देत नाहीत, पुष्कळदा अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की खडे काढताना तुटले किंवा हरवले तर जबाबदारी नाही. असे नग या पाकिटात घालूच नका. त्यांना वेगळा जाणकार दाखवा. खडा मोठा असेल आणि बाकीचं सोनं विकायचं असेल तर खडा आधी काढून घ्या आणि मग काय ते ठरवा.

कंपनी बघताना

वेबसाइट छान दिसते याला काही अर्थ नाही, ती एका दिवसात उभी राहते. बघायचं काय? खरा पत्ता आहे का, की नुसता टपालपेटीचा नंबर. फोन लावला तर माणूस उचलतो का. कंपनीची नोंदणी सरकारी नोंदवहीत ऑनलाइन बघता येते का आणि तिथलं नाव वेबसाइटवरच्या नावाशी जुळतं का. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी घेतलं ते फुकट तपासता येतं, कंपनी म्हणते पंधरा वर्षांचा अनुभव आणि डोमेन चार महिन्यांपूर्वीचं, तर काय समजायचं ते समजा. कंपनीच्या नावापुढे 'तक्रार', 'परत मिळालं नाही' असे शब्द टाकून शोधा, आणि रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले सोडून मधले वाचा, त्यात खरी माहिती असते, किती दिवसांनी पैसे आले, वजनात किती फरक सांगितला, परत मागितल्यावर काय झालं.

नावाजलेल्या कंपनीच्या नावानं बनवलेल्या खोट्या वेबसाइटही असतात, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. आणि पार्सल पोचल्यावर कोणी म्हणालं की तुमचे पैसे तयार आहेत फक्त तपासणी फी भरा किंवा ओटीपी सांगा, तर तिथंच थांबायचं, पैसे द्यायला कोणाला तुमचा ओटीपी लागत नाही. ओळखपत्र मात्र खऱ्या कंपन्याही मागतात, बऱ्याच देशांत सोनं विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याची ओळख नोंदवावी लागते, चोरीचा माल आणि काळा पैसा रोखण्यासाठी. ते देताना झेरॉक्सवर आडवं लिहा की ही प्रत फक्त अमुक कंपनीला सोनं विकण्यासाठी, तारीख टाका, म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

अटी मात्र पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी वाचा, कारण खरा व्यवहार तिथं लिहिलेला असतो. मला सगळ्यात वाईट वाटणारी अट म्हणजे मुदतीची. कंपनी वजन करते, स्वतःच आकडा ठरवते आणि सरळ चेक पाठवते किंवा ईमेल करते, आणि अटीत लिहिलेलं असतं की अमुक दिवसांत तुम्ही नाही म्हटलं नाही तर तुमची संमती धरली जाईल. आता हे दिवस कधीपासून मोजायचे? पुष्कळदा तुमच्या हातात चेक पडला त्या दिवसापासून नाही, चेकवर जी तारीख आहे त्या दिवसापासून. चेक पोस्टात पाच-सहा दिवस फिरला, ईमेल स्पॅममध्ये गेला, तुम्ही दोन दिवस बाहेर होतात, की मुदत संपली. मुदत संपली की नग भट्टीत जातो, सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि त्यानंतर तुमची साखळी म्हणून परत देण्यासारखं काही उरतच नाही, वजन काय होतं, कस काय होता, कशाचाच पुरावा राहत नाही. म्हणून ज्या कंपनीच्या अटीत 'तुमचा स्पष्ट होकार आल्याशिवाय आम्ही आटवणार नाही' असं लिहिलेलं नाही तिला काहीही पाठवू नका, या एका मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

बाकी बघायचं ते असं. परत मागितलं तर पाठवणीचा आणि विम्याचा खर्च कोणाचा. पाच नगांपैकी तीन विकून दोन परत घेता येतात का, का सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा. भाव कुठल्या दिवसाचा लागणार, पार्सल पोचल्याच्या, तपासणीच्या, की तुम्ही होकार दिल्याच्या. आणि जाहिरातीत 'बाजारभावाच्या ९५ टक्क्यांपर्यंत' असं असेल तर त्यातल्या 'पर्यंत' वर बोट ठेवा आणि ईमेल करून सरळ विचारा, माझ्याकडे १८ कॅरेटचे १२.४ ग्रॅम आहेत, आजच्या भावानं ग्रॅमला किती द्याल ते लिहून कळवा. चांगली कंपनी उत्तर देते, तपासणीनंतर बदलू शकतं असं म्हणेल पण आकडा देते. जी म्हणते आधी पाठवा मग सांगू, तिला पाठवायचं नाही. असा लेखी आकडा किमान तिघांकडून घ्या आणि शक्य असेल तर त्याच दिवशी एखाद्या सोनाराकडे किंवा रिफायनरीत समोरासमोरही विचारून या. तिथं एक्स-रे मशीनवर दागिना न खराब करता दोन मिनिटांत कस कळतो, दागिना तुमच्या डोळ्यांसमोर असतो आणि आकडा पटला नाही तर उचलून बाहेर पडता येतं. पुष्कळदा ही चौकशी केल्यावर पोस्टानं पाठवायची गरजच राहत नाही.

फुकटचं पाकीट आणि विमा

कंपनी जे तयार पाकीट पाठवते, त्यावर त्यांचंच नाव-पत्ता छापलेला असतो आणि पोस्टाचे पैसे त्यांनी आधीच भरलेले असतात. सोय वाटते, पण त्या पाठवणीचा करार कंपनी आणि कुरिअर यांच्यात आहे, तुमच्यात आणि कुरिअरमध्ये नाही. पाकीट हरवलं तर भरपाई मागायचा हक्क कोणाचा? बहुतेक वेळा कंपनीचा. आणि कंपनी तुम्हाला किती देणार, तर अटीत एक कमाल रक्कम लिहिलेली असते, ती तुमच्या सोन्याच्या किमतीच्या मानानं फारच कमी असू शकते, आणि त्यातही आत काय होतं हे सिद्ध करणं तुमच्याकडे. वरून ते पाकीट बघून कोणालाही कळतं की आत काय आहे.

म्हणून स्वतः पाठवा, स्वतःच्या खर्चानं, नोंदणीकृत आणि पूर्ण किमतीच्या विम्यासह. पण काउंटरवर 'विमा करा' एवढं म्हणून भागत नाही. बऱ्याच कुरिअरच्या नियमात सोनं, दागिने, रोकड या वस्तू एकतर घेतच नाहीत किंवा भरपाईला छोटी मर्यादा असते, आणि तुम्ही फॉर्मवर मोठी किंमत लिहिली, त्याचे जास्तीचे पैसेही भरले, तरी वस्तू वगळलेल्या यादीत असेल तर दावा नाकारतात. काउंटरवरचा माणूस 'होतंय सगळं' म्हणेल, त्यावर जाऊ नका, लेखी नियम बघा. फॉर्मवर दागिन्यांऐवजी 'कागदपत्रं' असं खोटं लिहायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्या एका शब्दानं पुढचा सगळा दावा मरतो.

परदेशी पाठवायचा विचार असेल तर माझं मत सरळ नको असं आहे. युनिव्हर्सल पोस्टल युनियन म्हणून १८७४ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, देशादेशांतलं टपाल तिच्या नियमांनी चालतं, आणि त्या नियमांनुसार सोनं, चांदी, दागिने अशा मौल्यवान वस्तू विमा नसलेल्या साध्या टपालात घालायला मुळात बंदी आहे, दोन्हीकडच्या देशांचे कायदे परवानगी देत असतील तरच काही अपवाद. त्यात कस्टम, कर, जप्ती, आणि भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कायद्यानं भांडायचं हा प्रश्न. एवढं सगळं दोन-चार नगांसाठी कशाला करायचं.

पॅकिंग आणि पुरावा

पाठवायचं ठरलंच तर आधी यादी करा. प्रत्येक नगाला नंबर, वजन, शिक्का, खडे असतील तर किती, हूक तुटकाय का, कुठं काय डाग आहे. प्रत्येक नगाचा फोटो काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा दिसेल असा, आणि शिक्क्याचा वेगळा जवळून फोटो. जुनं बिल असेल तर त्याची प्रत, मूळ बिल पाठवू नका. मग एकच सलग व्हिडिओ, मध्ये कट नको: नग काट्यावर, नग छोट्या पिशवीत, पिशवी डबीत, डबी बंद, डबी मोठ्या खोक्यात, खोक्याला टेप, टेपच्या सांध्यांवर तुमची सही, आणि शेवटी बंद खोक्याचं वजन. साखळ्या हलून वाजता कामा नयेत, कापूस किंवा मऊ कागद भरा, खोकं हलवल्यावर आवाज आला तर परत उघडून नीट भरा.

खोक्यावर सोनं, दागिने असा शब्द कुठंही नको, आणि घेणाऱ्या कंपनीच्या नावातच 'गोल्ड' असेल तर त्यांना विचारा की पत्त्यावर टाकायला दुसरं साधं नाव आहे का, चांगल्या कंपन्यांकडे असतं. पोस्टात काउंटरवरच द्या, पेटीत टाकू नका, आणि पावतीवर पार्सलचं वजन छापून घ्या. पावतीवरचं हे वजन फार कामाचं आहे. तुमच्या पावतीवर २१२ ग्रॅम आणि पोचवताना कुरिअरच्या नोंदीत १९८ ग्रॅम असेल तर माल वाटेत काढलाय हे दिसतं. दोन्हीकडे २१२ च असेल आणि कंपनी म्हणत असेल एक नग कमी आहे, तर प्रश्न कंपनीला विचारायचा.

यादीची एक प्रत खोक्यात घाला आणि तीच यादी, फोटोंसकट, पार्सल निघायच्या आधी कंपनीला ईमेल करा. सोबत लिहा की खोकं कॅमेऱ्यासमोर उघडा, माझ्या लेखी होकाराशिवाय एकही नग आटवू नका, कापू नका, खडे काढू नका. हे वाक्य आधीच लिहून गेलेलं असलं की पुढे भांडायला तुमच्या हातात काहीतरी असतं. आणि पहिल्यांदा सगळं एकदम पाठवू नका. सगळ्यात कमी किमतीचा एक नग पाठवा, त्याचं वजन ते किती सांगतात, कस किती, पैसे किती दिवसांनी, हे बघा आणि मगच बाकीचं ठरवा.

आणखी एक, दागिने तुमचे एकट्याचे आहेत ना ते बघा. घरातल्या जुन्या दागिन्यांवर भावंडांचा हक्क असू शकतो, त्यांना विचारल्याशिवाय पाठवलं आणि ते आटून गेलं तर पैसे वाटून ते भांडण मिटत नाही. बऱ्याच देशांत सोनं विकून झालेल्या नफ्यावर करही लागतो, तेव्हा विक्रीचे कागद जपून ठेवा.

ऑफर आल्यावर

ऑफर लेखी हवी आणि नगागणिक हवी: वजन, कस, भाव, तारीख, खड्यांचं काय केलं. 'एकूण माल, एकूण रक्कम' अशी एका ओळीची ऑफर आली तर तपशील मागा. वजनात थोडा फरक समजू शकतो, खडे-लाख वजा होतात, पण तुमच्या यादीशी ताडून बघा, साध्या साखळीत अर्धा ग्रॅम कमी कसा झाला ते त्यांना सांगता आलं पाहिजे.

पटलं नाही तर त्याच दिवशी, लगेच, ईमेल करा: ऑफर नामंजूर, नग आटवू नका, विम्यासह परत पाठवा. मग फोन करा. फोनवर काय होतं ते सांगते, माझ्या ओळखीतल्या एकीनं असाच नकार कळवला तर समोरच्या माणसानं आधी खेद व्यक्त केला, मग 'जरा थांबा, साहेबांशी बोलतो' म्हणाला आणि दोन मिनिटांत आकडा जवळजवळ दुप्पट झाला. ती खूश झाली होती, मला मात्र रागच आला, कारण दुप्पट द्यायची तयारी होती तर आधीचा आकडा कशाला होता? तो न विचारणाऱ्यांसाठी होता. तेव्हा वाढवलेला आकडाही तुम्ही घरी काढलेल्या किमतीशी, आपल्या उदाहरणातल्या ९३० शी, ताडून बघा, पहिल्या ऑफरशी नाही. आणि चेक आला असेल आणि मान्य नसेल तर तो खात्यात भरू नका, भरला की होकार झाला.

मान्य असेल तर पैसे खात्यात खरंच जमा झाल्याची बँकेकडून खात्री करा. चेक असेल तर खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नसतं, काही दिवसांनी तो परत जाऊ शकतो आणि तोवर सोनं गेलेलं असतं.

काही बिघडलंच तर

इथं एक गैरसमज खूप जणांना असतो की ऑनलाइन खरेदीत जशी माल परत करायची मुदत मिळते किंवा कार्डाचे पैसे बँकेकडून परत मागता येतात तसं इथंही होईल. होत नाही. ती सोय विकत घेणाऱ्याला असते आणि या व्यवहारात तुम्ही विकणारे आहात, तुम्ही कोणाला पैसे दिलेलेच नाहीत तर बँक परत काय मागणार. म्हणून सगळी भिस्त कागदांवर.

पार्सल वेळेत पोचलं नाही तर ट्रॅकिंग बघत आठवडे घालवू नका, दाव्याची मुदत असते आणि ती उलटली की पूर्ण विमा असूनही काही मिळत नाही. पहिल्याच दिवशी कुरिअरकडे लेखी तक्रार द्या, नंबर घ्या. परत आलेलं पार्सल असेल तर तेही कॅमेऱ्यासमोर उघडा आणि सही करायच्या आधी टेप बघा, फाटलेली असेल तर तसं पावतीवर लिहूनच घ्या. नग तोलून यादीशी जुळवा, कारण कधी नग तोच असतो पण साखळीची दोन-चार कडी कमी असतात, किंवा खडा बदललेला असतो, आणि हे आठवड्यानं सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

कंपनी उत्तरच देत नसेल तर लेखी शेवटची तारीख द्या, मग तुमच्या भागातल्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे आणि फसवणूक वाटत असेल तर पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा, सोबत यादी, फोटो, सलग व्हिडिओ, वजन छापलेली पावती, ट्रॅकिंगची नोंद आणि आटवू नका असं लिहिलेली ती पहिली ईमेल. कंपनीच्या नावावर ऑनलाइन लिहायचं असेल तर जे घडलं तेवढंच लिहा, तारखा आणि वजनांसकट, म्हणजे पुढच्या माणसाला शोधताना ते सापडेल. आणि काही दिवसांनी एखादा वसुली एजंट फोन करून म्हणाला की तुमचं सोनं सोडवून देतो, आधी फी भरा, तर त्याला काहीही देऊ नका, फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि हा फोन बहुतेक त्याच यादीवरून आलेला असतो.